फिशटँकमधली झाडं: आधी गॅस बघा, लाइट नंतर

टँकमधली झाडं पिवळी पडायला लागली की माणूस सगळ्यात आधी काय करतो, तर लाइट बदलतो. मीपण तेच केलं होतं. दोन फुटी टँक, मागे व्हॅलिस्नेरिया, मधे थोडी रोटाला, पुढे मॉन्टे कार्लोचं कार्पेट करायचं डोक्यात, आणि दोन महिने झाले तरी झाडं जागच्या जागी. मग काय, होती त्याच्या दुप्पट ताकदीची लाइट आणून वर टांगली आणि रोज दहा तास चालू. तिसऱ्या आठवड्यात टँकमधे झाडं कमी आणि शेवाळ जास्त, काचेवर हिरवे ठिपके, पानांच्या कडांना काळे केस, आणि आई येताजाता विचारायची की हे पाणी बदलणारेस कधी.

तर या सगळ्यातून जे कळलं ते आधीच सांगून टाकतो. लाइट म्हणजे आसूड आहे आणि सीओटू (कार्बन डायऑक्साइड गॅस) आणि खत म्हणजे वैरण. वैरण न घालता नुसता आसूड ओढत राहिलात तर बैल बसणार, आणि आपल्या टँकमधे बैल बसला की त्याच्या अंगावर शेवाळ चढतं. त्यामुळे क्रम कायम असाच ठेवायचा, आधी सीओटू नीट करा, मग खत, आणि लाइट वाढवायची ती सगळ्यात शेवटी. दुकानात बरोबर उलट्या क्रमाने विकतात हे पण खरं, कारण लाइट दिसते आणि गॅस दिसत नाही.

आता सीओटूची एवढी बोंब का, तर हवेत तो साधारण ०.०४ टक्के असतो. पाणी नुसतं उघड्यावर ठेवलं तर त्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमसुद्धा उरत नाही, टँकमधे मासे आणि बॅक्टेरिया श्वास घेतात म्हणून थोडा वाढतो, दोन-तीनपर्यंत. आणि त्यात गंमत अशी की पाण्यात हा गॅस हवेपेक्षा साधारण दहा हजार पट हळू सरकतो, म्हणजे पानाला चिकटलेल्या पाण्याच्या थरातला संपला की पुढचा यायला वेळ लागतो. म्हणून टँकमधे पाणी फिरतं पाहिजे, पानं जराशी हलताना दिसली पाहिजेत, ही अर्धी लढाई आहे आणि ती फुकट आहे. काही झाडं हुशार असतात, व्हॅलिस्नेरिया किंवा हायड्रिला पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनसुद्धा कार्बन काढून घेतात, त्यामुळे बोअरच्या जड पाण्यातपण माजतात. मॉसला ते जमत नाही.

मग सगळ्यांना सीओटू लागतो का? नाही हो. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन, मॉस, व्हॅलिस्नेरिया एवढ्यावर समाधानी असाल तर कमी लाइट ठेवा, सहा-सात तास, मासे मोजके, आणि सीओटूच्या भानगडीत पडूच नका, टँक वर्षानुवर्षं चालतो, फक्त हळू चालतो. क्रिप्टोकोरीन तर आपल्याच घरची, स्पायरालिस ही जात पश्चिम घाटातली आहे. लाल पानांची रोटाला मॅक्रांड्रापण दक्षिण भारतातलीच, पण तिचे नखरे वेगळे, तिला भरपूर लाइट आणि भरपूर सीओटू दोन्ही लागतं. (आणि कासला किंवा कोकणात फिरायला गेलात आणि डबक्यात सुंदर झाड दिसलं तर उपटून आणू नका प्लीज, साताऱ्याच्या नावाचं एक अपोनोजेटॉन, ज्याला वायतुरा म्हणतात, ते आधीच दुर्मीळ झालंय.) क्यूबा, मॉन्टे कार्लो, हेअरग्रास असलं दाट कार्पेट किंवा लालभडक स्टेम झाडं हवी असतील तरच पुढचा खर्च करा.

लाइटचं बघू. जुने लोक अजून गॅलनला किती वॅट असं सांगतात, ते ट्यूबलाइटच्या जमान्यातलं गणित होतं, एलईडीला लागू नाही. घरच्या घरी सोपा हिशोब लिटरमागे ल्युमेन. लिटरला १० ते २० ल्युमेन म्हणजे कमी, २० ते ४० म्हणजे मध्यम, ४० च्या वर म्हणजे जास्त. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टँकमधे काठोकाठ भरलं तर ५५ लिटर पाणी बसतं. दोन फुटी १० वॅटची साधी एलईडी बॅटन घेतली तर साधारण हजार ल्युमेन मिळतात, बॉक्सवर आकडा असतो तो बघा, म्हणजे एका बॅटनमधे लिटरला १८, कमी लाइटवाला टँक झाला. दोन लावल्या तर ३६, म्हणजे मध्यमची वरची बाजू, आणि माझं प्रामाणिक मत विचाराल तर दहातल्या आठ जणांना यापेक्षा जास्त कधीच लागत नाही. हा हिशोब ढोबळ आहे, टँक दोन फूट खोल असेल तर तळाला बराच कमी उजेड पोचतो आणि वरच्या काचेवर पांढरे डाग साचलेत तर अजून कमी, ती काच आठवड्याला पुसा. खरं माप पार नावाच्या मीटरने घेतात पण तो मीटर महाग, कुणाकडे असेल तर एक दिवस उसना आणा.

रंग ६५०० केल्विनचा घ्या, म्हणजे कूल डेलाइट लिहिलेला. झाडांना केल्विनचं फार पडलेलं नसतं, ४०० ते ७०० नॅनोमीटरमधलं जवळपास सगळंच ती वापरतात, तो आकडा आपल्या डोळ्यांसाठी आहे. लाल-हिरवे-निळे एलईडी वेगळे असलेल्या लाइटमधे लाल झाडं जास्त उठून दिसतात, पैसे असतील तर छान. पण ती निळीशार लाइट जी समुद्री टँकची असते ती झाडांसाठी घेऊ नका. डिमर असलेली लाइट मिळाली तर डोळे झाकून घ्या, कारण कमी करता येणं हे जास्त असण्यापेक्षा कामाचं आहे. डिमर नसेल तर लाइट दोरीने वर उचला. आणि लाइटची वायर, पंपाची वायर, सगळ्यांना प्लगच्या आधी खाली एक झोळ द्या म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमधे न जाता खाली टपकतं, घरात ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या, याच्यात कंजूषी नको.

किती तास? सुरुवातीला सहा. नवीन टँकला सहाच. नंतर सगळं स्थिर झालं की आठ, त्याच्यावर जाण्यात काही अर्थ नाही. आणि दिवसभर चालू ठेवली पाहिजे असं नाही, ऑफिसला जात असाल तर दुपारी ४ ते रात्री १० ठेवा की, निदान घरी आल्यावर बघायला तरी मिळेल. खिडकीतलं ऊन मात्र टाळा, त्याला डिमर नाही.

आता गॅस. तीन रस्ते आहेत. पहिला यीस्ट आणि साखरेचा, दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत २०० ग्रॅम साखर, कोमट पाणी, पाव चमचा यीस्ट, झाकणाला भोक पाडून नळी. (कोल्ड्रिंकचीच बाटली घ्या, पाण्याची पातळ बाटली प्रेशर धरत नाही.) स्वस्त आहे, शिकायला मजा येते, पण उन्हाळ्यात धो धो गॅस आणि थंडीत काहीच नाही, बंद करता येत नाही म्हणून रात्रभर चालू, आणि दोन आठवड्यांनी परत सगळं करा. नळी कधीही चिमटा लावून बंद करू नका, बाटली फुटते आणि मग आंबलेला पाक भिंतीवरून पुसत बसावं लागतं. मधे एक छोटी रिकामी बाटली जोडा म्हणजे फेस टँकमधे येत नाही.

दुसरा सायट्रिक ॲसिड आणि खायच्या सोड्याचा. याची तयार किट मिळते, दोन बाटल्यांची किंवा एका स्टीलच्या बाटलीची, नीडल व्हॉल्व्ह (गॅस बारीक कमी-जास्त करायचा) आणि प्रेशर मीटरसकट. दोन्ही माल साधारण २००-२०० ग्रॅम लागतो, पाणी किती घालायचं ते किटवर लिहिलेलं असतं, आणि सगळं सामान किराणा दुकानात मिळतं. यीस्टपेक्षा शंभर पट बरं कारण गॅस कमी-जास्त करता येतो. फक्त हिशोब लक्षात ठेवा, २०० ग्रॅम सोड्यातून जास्तीत जास्त १०० ग्रॅमच्या आसपास सीओटू निघतो, म्हणजे दोन किलोच्या सिलिंडरमधे असल्या वीस भरण्या आहेत. एक-दीड फुटी टँकला किट मस्त, तीन फुटीला नुसता सोडा ढवळत बसाल.

तिसरा सिलिंडर. सुरुवातीचा खर्च अंगावर येतो पण एकदाच येतो, दोन फुटी टँकला दोन किलोचा सिलिंडर महिनोन्महिने पुरतो. भरून कुठे मिळतो, तर फायर एक्स्टिंग्विशर भरणाऱ्यांकडे चौकशी करा. सिलिंडर नवा, टेस्टिंगची तारीख ठोकलेला घ्या, भंगारातला रंग मारलेला नको. त्याच्यावर रिकाम्या सिलिंडरचं वजन कोरलेलं असतं ते लिहून ठेवा, कारण सिलिंडरचं प्रेशर दाखवणाऱ्या मोठ्या मीटरचा काटा तुम्हाला फसवतो. सिलिंडरमधे गॅस द्रवरूपात असतो आणि तो द्रव आहे तोवर काटा तिथेच, २० डिग्रीला साधारण ५७ बार, ३० डिग्रीला ७२, द्रव जास्त असो की कमी. काटा खाली यायला लागला म्हणजे द्रव संपलाच. साध्या सिंगल स्टेज रेग्युलेटरमधे (सिलिंडरवर बसणारा, प्रेशर एकाच टप्प्यात उतरवणारा) तेव्हाच पुढचं प्रेशर वाढून टँकमधे एकदम जास्त गॅस सुटू शकतो. म्हणून महिन्याला वजन करा, गॅस संपत आला की भरून आणा, परवडत असेल तर डबल स्टेज घ्या.

आपल्याकडच्या उन्हाळ्याबद्दल एक गोष्ट परदेशी व्हिडिओत कुणी सांगत नाही. सीओटू ३१ डिग्रीच्या वर द्रव राहूच शकत नाही, मग तो कितीही दाबा. नागपूर किंवा जळगावला मे महिन्यात घरात ३८ असताना सिलिंडरमधलं प्रेशर भराभर चढतं, म्हणून काठोकाठ भरून घ्यायचा नाही, गॅलरीत उन्हात ठेवायचा नाही, आणि भरून आणताना गाडीच्या डिकीत विसरून जेवायला तर अजिबात जायचं नाही. कायम उभा आणि बांधलेला, आडवा ठेवला की द्रव रेग्युलेटरमधे शिरतो. खोलीत हवा खेळती ठेवा, हा गॅस हवेपेक्षा जड आहे, गळला तर खाली साचतो.

जोडणी अशी: सिलिंडर, रेग्युलेटर, सोलेनॉइड (विजेवर उघडबंद होणारा व्हॉल्व्ह), नीडल व्हॉल्व्ह, बबल काउंटर (बबल मोजायची छोटी नळी), चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारा), आणि शेवटी डिफ्यूझर (गॅसचे बारीक फुगे करणारी चकती). चेक व्हॉल्व्ह विसरलात तर एके दिवशी टँकचं पाणी उलटं रेग्युलेटरमधे. नळी पीयूची (पॉलीयुरेथेनची) घ्या, एअर पंपाच्या मऊ सिलिकॉनच्या नळीतून सीओटू आरपार निसटतो. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून फुगे येतात का बघा. डिफ्यूझर टँकमधे शक्य तेवढा खाली आणि फिल्टरच्या प्रवाहात येईल असा, म्हणजे बारीक फुगे लगेच वर न जाता झाडांमधून फिरतील. फुगे मोठे यायला लागले की चकती शेवाळली समजा, ब्लीचच्या पातळ पाण्यात बुडवून, भरपूर धुवून परत लावा. स्पंज फिल्टर आणि एअर पंप दिवसा चालू असेल तर तुम्ही एका हाताने गॅस घालताय आणि दुसऱ्या हाताने उडवताय, ते रात्री चालवा. पृष्ठभागावर हलकी लहर मात्र असू दे, ऑक्सिजन तिथूनच येतो.

मोजायचं कसं? लक्ष्य लिटरला ३० मिलिग्रॅम, म्हणजे ३० पीपीएमच्या आसपास. त्यासाठी ड्रॉप चेकर, काचेचा छोटा फुगा असतो, त्यात ४ डीकेएचचं (केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, डीकेएच त्याचं एकक) तयार पाणी आणि निळा इंडिकेटर. टँकचं पाणी घालायचं नाही, ही चूक सगळे करतात. निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे बरोबर, पिवळा म्हणजे मासे धोक्यात. तो दोन तास मागचं सांगतो, आत्ताचं नाही, हे डोक्यात ठेवा. केएच आणि पीएचवरून पण काढता येतं, तीन गुणिले केएच गुणिले दहाचा (सात वजा पीएच) घात, म्हणजे केएच ४ आणि पीएच ६.६ असेल तर बरोबर ३०. पण टँकमधे लाकूड किंवा ॲक्टिव्ह सॉइल (पीएच उतरवणारी खास माती) असेल तर हे गणित गंडतं. त्यापेक्षा पेलाभर पाणी चोवीस तास उघडं ठेवून त्याचा पीएच मोजा आणि टँकचा मोजा, पीएच एकने खाली म्हणजे सीओटू दहापट, एवढ्याच्या आसपास बरेच जण थांबतात. सेकंदाला किती बबल हे दुसऱ्याला विचारून उपयोग नाही, प्रत्येकाचा बबल वेगळ्या मापाचा.

लावायचा दिवस रविवार. खरंच सांगतो, सुट्टीचाच दिवस घ्या, दिवसभर घरी असाल असा. लाइट लागायच्या दीड-दोन तास आधी गॅस चालू, सेकंदाला एक बबल, आणि बसा बघत. दोन तासांनी ड्रॉप चेकर निळाच असेल तर किंचित वाढवा, परत दोन तास थांबा. मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत किंवा झिंगे निपचित झालेत असं दिसलं की गॅस बंद, एअर पंप चालू, आणि थोडं पाणी बदला. यात पीएच उतरला म्हणून मासे मरत नाहीत, रक्तातला सीओटू बाहेर पडत नाही म्हणून मरतात. मी एकदा लग्नाला निघता निघता बूट घालताना व्हॉल्व्ह जरासा फिरवला, "जरासा"च, संध्याकाळी आलो तर अकरा निऑन टेट्रा गेलेले. त्या दिवसापासून घराबाहेर पडायच्या आधी व्हॉल्व्हला हात नाही. उन्हाळ्यात तर जास्तच जपा, पाणी ३२ डिग्रीला गेलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि माशांना मात्र जास्त लागतो, अशा वेळी बबल कमी करा आणि पाण्यावर छोटा पंखा सोडा, दोन-तीन डिग्री सहज उतरतात, फक्त उडालेलं पाणी रोज भरावं लागतं.

गॅस लाइट बंद व्हायच्या एक तास आधी बंद केला तरी चालतो, रात्री झाडं गॅस घेत नाहीत उलट सोडतात. हे सगळं टायमरवर टाका, लाइट एका टायमरवर आणि सोलेनॉइड दुसऱ्यावर. आणि इथे आपली खास अडचण, लाइट जाणं. (आपल्याकडे वीज पण लाइट आणि दिवा पण लाइट, समजून घ्या.) गोल चकतीचा टायमर वीज गेली की थांबतो, तीन तास गेली तर तुमचं वेळापत्रक तीन तास पुढे, असं दोन-तीनदा झालं की गॅस रात्री नऊला सुरू होतो आणि तुम्हाला पत्ताही नसतो. बॅटरी बॅकअपवाला डिजिटल टायमर घ्या. सोलेनॉइड वीज गेली की आपोआप बंद होतो, म्हणून तो लागतोच, नाहीतर फिल्टर बंद आणि गॅस चालू.

ते बाटलीतलं "लिक्विड कार्बन" मिळतं ते सीओटू नाही बरं का. बहुतेकांत ग्लुटराल्डिहाइड असतं, हॉस्पिटलात उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात तेच. काळ्या शेवाळावर चालतं, पण व्हॅलिस्नेरिया आणि मॉस त्याने वितळू शकतात, आणि हातमोजे घालूनच वापरा.

गॅस सुरू झाला की झाडांची भूक वाढते, नायट्रेट, फॉस्फेट, पोटॅशियम, लोह सगळंच लागतं, आठवड्याला अर्धं पाणी बदला आणि खत ठरल्या दिवशी टाका. नवीन झाडांची जुनी पानं विरघळली तर घाबरू नका, नर्सरीत बरीचशी पाण्याबाहेर वाढवलेली असतात, पाण्याखालची नवी पानं येतात. दोन आठवडे काही बदलू नका. मग सगळं ठीक वाटलं तर लाइट दहा टक्के वाढवा, आणि परत दोन आठवडे गप्प. काळे केसाळ शेवाळ वाढतंय म्हणजे बहुतेक वेळा गॅस रोज कमी-जास्त होतोय किंवा प्रवाह पोचत नाहीये. काचेवर कडक हिरवे ठिपके म्हणजे लाइट जास्त किंवा फॉस्फेट कमी. नव्या टँकमधे तपकिरी थर येतो तो आपोआप जातो, त्याच्यासाठी औषधं आणू नका. दुपारनंतर पानांवर मोत्यासारखे फुगे बसायला लागले की समजा पाणी ऑक्सिजनने भरलंय आणि जास्तीचा पानांवर दिसतोय, तेव्हा लाइटला हात लावायचा मोह होतो, नका लावू.

गणपतीला आठ-दहा दिवस गावी जाणार असाल तर लाइट पाच तासांवर आणा, डिमर असेल तर निम्मी करा, गॅस आहे तसा टायमरवर राहू दे, निघायच्या आदल्या दिवशी सिलिंडरचं वजन बघा. आणि शेजारच्या काकूंना चावी देताना खाण्याचा डबा देऊ नका, तीन पुड्या बांधून द्या, कारण काकूंना मासे कायम उपाशीच दिसतात.